लाल कणांचा पुरावा

थायरॉइड ग्रंथीतील गाठीत बारीक सुई घालून शोषून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी गाठींच्या सुई-तपासणीवरील आपला निबंध १९३० मध्येच प्रसिद्ध केला होता. मात्र सुईच्या वाटेने कर्करोग पसरेल ही धास्ती आणि ऊतीचा सलग तुकडा पाहिल्याखेरीज निदान न करण्याची विकृतिशास्त्रज्ञांची सवय यांमुळे अमेरिकेत हे तंत्र दीर्घकाळ मागे पडले, आणि ते खऱ्या अर्थाने रुजले स्वीडनमध्ये, सिक्स्टन फ्रान्झेन व त्यांच्या स्टॉकहोममधील सहकाऱ्यांच्या हाती.

थायरॉइडच्या ‘मेड्युलरी’ या विरळ कर्करोगाला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९५९ मध्ये, जेव्हा हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी २१ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले. तोवर असे अर्बुद बहुधा अतिघातक अशा अविभेदित कर्करोगांतच जमा होत असे. हा कर्करोग थायरॉक्सिन बनवणाऱ्या पेशींचा नसून त्यांच्यालगत विखुरलेल्या ‘सी’ पेशींचा, म्हणजे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींचा असावा, असे विल्यम्स यांनी १९६६ मध्ये मांडले.

सुईने काढलेल्या पेशींवरून त्याचे निदान करणे कठीण होते, कारण त्या कधी गोल, कधी लांबट, तर कधी केंद्रक एका कडेला सरकलेल्या दिसतात आणि पाहणाऱ्याला सहज चकवतात. येथे स्वीडिश परंपरेतील एक बारकावा निर्णायक ठरला. रक्ततपासणीच्या प्रथेप्रमाणे तेथे काचपट्टीवरील लेप हवेत वाळवून मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा या रंगद्रव्याने रंगवत, आणि त्यात कित्येकदा या पेशींच्या द्रवात बारीक लालसर कण उठून दिसत. अल्कोहोलमध्ये स्थिर करून पापानिकोलाउ पद्धतीने रंगवलेल्या लेपांत ते दिसत नसत. अर्थात दुसऱ्या पद्धतीत केंद्रकातील भरड, ठिपकेदार रंजकद्रव्य अधिक स्पष्ट होई, तेव्हा तिला सर्वस्वी उणी लेखणे अन्यायाचे ठरेल.

पुढे ओटो ल्युंगबर्ग यांनी १९७२ मध्ये सुईच्या लेपांतील अ‍ॅमिलॉइडवर, म्हणजे पेशींबाहेर साचणाऱ्या तंतुमय प्रथिनावर भर दिला. ते थायरॉइडमधील नेहमीच्या कोलॉइडसारखेच दिसत असल्याने काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात त्याची हिरवी झाक पाहावी लागे, आणि सर्वच गाठींत ते सापडत नसल्याने ते न दिसण्यावरून काही सिद्ध होत नसे. ही अडचण पुष्कळशी दूर झाली ती कॅल्सिटोनिनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी पेशी रंगवण्याचे तंत्र आल्यावर. नंतर तर सुई धुतलेल्या द्रवातच कॅल्सिटोनिनचे प्रमाण मोजले जाऊ लागले.