तांब्याच्या नळाची साक्ष

अंबरनाथहून मलंगगडाकडे पाहताना सगळ्यात वरचा सुळक्यासारखा माथा दिसतो, तो बालेकिल्ला. तिथे काही पडक्या भिंती उभ्या आहेत. लोक त्यांना वाडा म्हणतात. पण गडावर चार भिंती दिसल्या की आपण वाडा म्हणून मोकळे होतो. त्या भिंती कोठाराच्या असतील, दारूखान्याच्याही असतील. मग हा राहता वाडा कशावरून?

पाण्यावरून. बालेकिल्ल्यावर खडकात कोरलेली पाच टाकी आहेत. त्यांतलं पाणी या इमारतीत आणायला तांब्याचा नळ टाकलेला होता. व्यास दीड इंच, म्हणजे आपल्या बेसिनखालच्या नळीएवढा. लांबी मात्र साडेतीनशे फूट! लोकलचे पाच डबे एकापुढे एक उभे करावेत, तेवढी.

आता विचार करा. दारूखान्यात कोणी मुद्दाम पाणी नेईल? ओल लागली की बारूद वाया. धान्यकोठाराचंही तेच. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा कोठीच्या छताला धान्य ओतायला झरोके ठेवले आहेत. तिथली सगळी रचनाच धान्यासाठी आहे, पाणी आत घ्यायची सोय कशाला असेल? साध्या शिबंदीला तर घागरी होत्या, पखाली होत्या. एवढ्या उंचीवर इतकं तांबं चढवायचं, तर आत राहणारा माणूस मानाचाच हवा. वाडा हे नाव इथे खरं ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

या पाण्याचं मोल लढाईत कळतं. १७८० साली इंग्रज कप्तान ॲबिंग्टनने पीरमाची नावाची खालची माची घेतली, पण बालेकिल्ला त्याला दाद देईना. वरच्यांची तहान वरच भागत होती.

एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. नळ सांगतो ते नळ टाकला तेव्हाचं. त्याआधी किंवा नंतर त्याच भिंतींत दुसरं काही चाललं असेल. उल्हासनगरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी संसार थाटले. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’च म्हणतात. बराक घर झाली, पण लष्कराचा शब्द जिभेवर राहिला.

मलंगगडावर असा शब्द पुरेसा नव्हता, म्हणून नळाची साक्ष काढावी लागली. तेव्हा वर गेलात तर टाक्यांपासून भिंतींपर्यंतची वाट नीट पाहा, फोटो काढा, मापं घ्या. धातूचा एखादा तुकडा दिसला तर तो खिशात घालू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या.