घराची पावसाळी पडझड : प्रतिबंध आणि विमादावा (जुन्नर व आंबेगाव तालुके)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पाणी घरात तीन वाटांनी शिरते : वाऱ्याने उघड्या पडलेल्या छपरातून, झडीने भिजलेल्या भिंतीतून आणि उमाळा फुटून थेट जमिनीतून. पहिल्या वाटेचे नुकसान विमा कंपनी सहसा मानते, दुसरीचे बहुधा नाकारते आणि तिसरीचा प्रश्न पाण्याबरोबर जमीनही हलली की नाही यावर सुटतो. दाव्यांतले बहुतेक वाद या तीन वाटा एकमेकींत मिसळल्याने उभे राहतात.

नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर हा पश्चिमेचा पट्टा सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. तिथे जून ते सप्टेंबर संततधार असते. पूर्वेकडे आळे, बेल्हे या बाजूला येईपर्यंत पाऊस झपाट्याने कमी होतो. मात्र तिथे एप्रिल-मेमधला वळीव आणि गारपीट जास्त घातक ठरते. पश्चिमेचे घर महिनोन्महिने भिजत राहते, पूर्वेचे अर्ध्या तासात उघडे पडते. 3 जून 2020 रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हा फरक पुसला. मोसमी पाऊस स्थिरावण्याआधीच दोन्ही तालुक्यांत घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस आडवी झाली.

डोंगरपट्ट्यात घर राखण्याची जुनी रीत पक्की आहे. वैशाखात कौले शाकारायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून पाहायचे, वळचण पुरेशी बाहेर आहे ना हे बघायचे आणि वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला गवताचा, कारवीचा किंवा आता प्लॅस्टिकच्या कागदाचा आडोसा बांधायचा. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू नये म्हणून घराभोवती चर काढायचा. पत्र्याचे छप्पर आले तसे हे काम संपले असा समज झाला, तो चुकीचा आहे. पत्र्याला दरवर्षी हुकांचे नट आवळणे, कुजलेले वॉशर बदलणे आणि कडेच्या ओळीला जास्त हुक देणे लागतेच, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेकडून. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की भिंत सुरक्षित झाली, हाही असाच समज. आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलावा फुगतो आणि मागची माती सैल होते.

जमिनीतल्या पाण्याचे गणित वेगळे. इथला खडक बेसाल्टच्या थरांचा. वरची माती आणि झिजलेला खडक पाणी पितात. खालचा घट्ट थर ते अडवतो आणि ते उतारावर कुठेतरी बाहेर येते. नेहमीचा उमाळा त्रासदायक असला तरी घराच्या वरच्या अंगाला चर खणून त्याचे पाणी वळवता येते. मात्र नवा उमाळा फुटणे, पाणी अचानक गढूळ होणे, जमिनीला भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, दारे चौकटीत अडकू लागणे ही घर सोडून बाहेर पडण्याची चिन्हे आहेत.

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याची खबर एका एसटी चालकामुळे बाहेर पोहोचली. अतिवृष्टी, उताराची रचना आणि पडकईसाठी, म्हणजे उतारावर भातखाचरे पाडण्यासाठी, यंत्राने झालेले सपाटीकरण यांपैकी कशाचा वाटा किती, यावर बराच वाद झाला. पुनर्वसित माळीणचे लोकार्पण 2 एप्रिल 2017 रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमधील पावसात तिथले रस्ते व भराव खचले. डोंगरउतारावर भराव टाकून सपाट केलेली जागा पाण्याला किती लवकर बळी पडते, ते सरकारी बांधकामातही दिसले.

विम्याच्या दृष्टीने हा तपशील कळीचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. वादळ, पूर, पाणी साचणे, वीज पडणे, पाण्याची टाकी वा नळ फुटणे, दरड कोसळणे आणि घराखालची जमीन खचणे ही संकटे तिच्यात नावानिशी येतात. पण खचण्याच्या कलमातून नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल, नदीकाठची धूप, सदोष आराखडा वा काम आणि खोदकाम वगळलेले आहे. मागची दरड कापून ओटा रुंद केलेल्या घरमालकाने हे कलम पॉलिसी घेतानाच वाचावे. भिंतीत वर्षानुवर्षे चढलेली ओल तर या नावांच्या यादीतच नाही, म्हणून तिच्यावरचा दावा टिकत नाही.

विम्याची रक्कम चटई क्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणून ठरते. जागेची किंमत तीत धरत नाहीत. घरातल्या सामानाला या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आपोआप मिळते. गावाकडची एक अडचण शहरी सल्लागारांच्या लक्षात येत नाही. घर आजोबांच्या नावावर, राहणार तीन भाऊ आणि हप्ता भरणार एक. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा किंवा गावठाण मोजणीनंतर मिळालेले मालमत्ता पत्रक लागते. वारसनोंद पावसाळ्याआधी करून घेतलेली बरी.

पडझडीनंतर दोन माणसे येतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. तलाठी पंचनामा करतो तो सरकारी मदतीसाठी. 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निवारण निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000 आणि डोंगराळ भागात 1,30,000 रुपये आहेत. किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000. ही मदत आहे, भरपाई नव्हे. कंपनीने नेमलेला सर्व्हेअर मात्र दुरुस्तीचा खरा खर्च आणि त्याचे कारण शोधतो. पंचनाम्यातला ‘घर जुने असल्याने भिंत पडली’ असा एखादा सैल शेरा दाव्यात घरमालकाविरुद्ध उभा राहतो. म्हणून सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. दिवस, वेळ, वाऱ्याची दिशा आणि आधी काय निघाले, पत्रा की भिंत, हे त्यात नोंदवून घ्यावे.

कंपनीला कळवणे त्याच दिवशी झालेले चांगले. दाव्याचा अर्ज नुकसान दिसल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे, तेव्हा सर्व्हेअरची वाट पाहत धान्य भिजत ठेवण्यात शहाणपण नाही. आधी फोटो, मग ताडपत्री, आणि ताडपत्रीची पावती जपून ठेवायची. फुटकी कौले, वाकलेले पत्रे, भिजलेला टीव्ही पाहणी होईपर्यंत फेकू नयेत. सर्वांत उपयोगी पुरावा मात्र नुकसानीच्या आधीचा असतो : मे महिन्यात शाकारणीनंतर चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि सुताराला, गवंड्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या. घर धड होते हे त्यांतून दिसते आणि ‘देखभालीचा अभाव’ हे कारण पुढे करणे अवघड होते.

दावा नाकारला किंवा कापला तर लेखी कारण मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातील विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, साध्या मराठी अर्जावर काम चालते आणि 50 लाख रुपयांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो. निवाडा मिळाल्यापासून कंपनीला 30 दिवसांत अंमल करावा लागतो. न पटल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.