एस्कलेट

एस्कलेट : संघर्ष, वाद किंवा खर्च टप्प्याटप्प्याने तीव्र होणे वा करणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. ते लॅटिन ‘स्काला’ म्हणजे शिडी या शब्दातून थेट आले असावे, असे सहज वाटते. पण त्याचा जन्म सरकत्या जिन्यातून झाला. चार्ल्स सीबर्गर यांनी घडवलेले ‘एस्कलेटर’ हे नाव घेऊन ओटिस कंपनीचा जिना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात झळकला. क्रियापद मागाहून, १९२० च्या दशकात निघाले, तेही निव्वळ त्या जिन्याने जाणे एवढ्याच अर्थाने.

यावर आक्षेप असा, की तटाला शिड्या लावून चढण्यासाठी ‘एस्कलेड’ हा शब्द इंग्रजीत शतकानुशतके होता. युद्धाचा अर्थ तिथूनच का नसावा? मूळ एकच, हे खरे. मात्र एस्कलेडमध्ये चढाई आहे, तीव्रतेची वाढ नाही. मधला दुवा कागदोपत्रीच सापडतो. १९३० च्या लंडन नौदल करारातील एकविसाव्या कलमानुसार, मर्यादा न स्वीकारलेल्या राष्ट्राच्या नव्या जहाजबांधणीने धोका वाटल्यास सदस्यांनाही मर्यादा ओलांडता येई. हेच ‘एस्कलेटर कलम’. एकाच्या वाढीने दुसऱ्याची वाढ ओढली जाते, हा आजच्या अर्थाचा गाभा त्यात आहे. १९५० च्या दशकाअखेरीस अण्वस्त्रचर्चेत क्रियापदाने तो उचलला. अमेरिकी अण्वस्त्र-रणनीतिज्ञ हर्मन कान यांनी १९६५ मध्ये संघर्षाची ४४ पायऱ्यांची शिडी मांडली, ती प्रत्येक पायरीवर थांबता येते हे दाखवण्यासाठी. व्हिएतनाम युद्धाने मात्र हा शब्द घरोघरी पोचवला.