अजिंक्यपदाच्या यादींतील कोऱ्या ओळी : प्रेस्टविक व खामगांव

जुन्या दप्तरांत एखादी शकावली हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिच्यांतील नोंदी वाचतो आणि मग तिच्यांतील खंड मोजूं लागतो. कोणत्या वर्षापुढें कांहींच लिहिलेलें नाहीं, कोणत्या वर्षापुढें दोन नांवें आलीं आहेत, हें पाहिल्यावांचून शकावलीची परीक्षा पुरी होत नाहीं. खेळांतील अजिंक्यपदांच्या याद्यांस मात्र ही कसोटी लावण्याची चाल आपल्याकडे पडलेली नाहीं; त्या हौशी लोकांच्या करमणुकीच्या समजून बाजूस टाकल्या जातात. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशा दोन याद्या आम्ही शेजारीं शेजारीं ठेवीत आहों. एक, स्कॉटलंडांतील प्रेस्टविक येथें १८६० सालीं सुरू झालेल्या गोल्फच्या खुल्या अजिंक्यपदाची. दुसरी, आपल्या महाराष्ट्र केसरी या कुस्तीच्या किताबाची. दुसऱ्या यादींत बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवाचें नांव दोनदां आलें आहे.

गोल्फ हा खेळ आपल्या देशास अगदींच नवा नाहीं. कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं त्याचे क्लब निघाले, आणि १९६४ पासून हिंदुस्थानची स्वतःची खुली स्पर्धाही सुरू झाली. लहानसा चेंडू काठीनें टोलवीत एकामागून एक ठरलेल्या खळग्यांत घालावयाचा, आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो विजयी, एवढें त्याचें मर्म. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खेळांत दोन वर्ग होते. क्लबांचे सभासद ते श्रीमंत गृहस्थ. आणि चेंडू व काठ्या तयार करून, मैदान राखून, गृहस्थांच्या काठ्या वाहून व पैजा खेळून पोट भरणारे ते धंदेवाईक खेळाडू. या दुसऱ्या वर्गांत सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा सर्वश्रेष्ठ मानला जाई. तो १८५९ सालीं वारला, आणि आतां पहिला कोण, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं प्रेस्टविकच्या क्लबानें निरनिराळ्या गांवांचे धंदेवाईक खेळाडू बोलाविले. १७ ऑक्टोबर १८६० रोजीं आठ जण जमले. बारा खळग्यांचें मैदान तीनदां फिरून त्यांनीं छत्तीस खळग्यांचा डाव पुरा केला. मसलबर्गचा विली पार्क १७४ टोल्यांत पहिला आला. टॉम मॉरिसला १७६ लागले. पार्कला मिळाला तो लाल चामड्याचा, रुपेरी सजावटीचा कमरपट्टा. रोख बक्षीस नव्हतें. विजेत्यास पैसे मिळूं लागले ते १८६४ पासून, आणि तेही सहा पौंड. दुसऱ्या वर्षापासून हौशी गृहस्थांसही मुभा मिळाली व स्पर्धा खऱ्या अर्थानें खुली झाली.

या पट्ट्यासंबंधीं एक अट होती. जो तो लागोपाठ तीनदां जिंकील, त्याच्या मालकीचा तो व्हावा. टॉम मॉरिसनें १८६१, १८६२, १८६४ व १८६७ अशीं चार वर्षें अजिंक्यपद मिळविलें, पण तीन वर्षें सलग नव्हे. तें त्याच्या मुलानें साधलें. बापाचेंच नांव धारण करणाऱ्या या तरुणानें १८६८, १८६९ व १८७० अशीं तिन्हीं वर्षें जिंकून पट्टा घरीं नेला. पट्टा गेला आणि स्पर्धाही थांबली. १८७१ या सालापुढें यादींत नांव नाहीं.

ही कोरी ओळ आमच्या मतें त्या यादींतील सर्वांत बोलकी ओळ होय. खेळाडू होते, मैदान होतें, कौशल्य तर ऐन भरांत होतें. नव्हतें तें पद देण्याचा अधिकार कोणाचा याविषयींचें एकमत. १८७२ सालीं प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज व एडिंबरो येथील तीन संस्था एकत्र आल्या. प्रत्येकीनें दहा पौंड घातले. तीस पौंडांचा चांदीचा चषक करावा, तो कोणाच्याही मालकीचा होऊं नये, आणि स्पर्धा आळीपाळीनें तीन ठिकाणीं भरावी, असें ठरलें. त्या वर्षीं धाकटा मॉरिसच पुन्हा जिंकला, पण चषक तयार नसल्यामुळें त्यास पदकावर समाधान मानावें लागलें. चषकावर कोरलेलें पहिलें नांव मात्र त्याचेंच आहे. एका गांवाची स्पर्धा कोऱ्या वर्षानंतर देशाची झाली, असा या नोंदींचा अर्थ आम्ही लावतों.

आतां आपल्या यादीकडे वळूं. कुस्तींतही एके काळीं श्रेष्ठत्व ठरे तें जोड लावून व पैजेनें, आणि जोड लावणारा हात असे संस्थानिकाचा. शाहू छत्रपतींनीं पदरीं मल्ल बाळगले, तालमींस खुराक दिला आणि कोल्हापुरास खासबाग मैदान उभारलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान विलीन झालें. इतर संस्थानांचीही तीच गति झाली. रॉबर्टसनच्या मृत्यूनें प्रेस्टविकास जो प्रश्न पडला, तोच येथें आश्रयदाते गेल्यामुळें पडला : पहिला कोण, हें आतां कोणीं सांगावें? १९५३ सालीं मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानें कुस्तीगीर परिषद स्थापन झाली ती या काळांत. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९६१ सालीं, औरंगाबादेस पहिला महाराष्ट्र केसरी निवडला गेला. त्याचें नांव दिनकर दह्यारी.

या यादींत नांवाइतकाच स्थळाचा रकाना लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. १९६१ औरंगाबाद, १९६२ धुळें, १९६४ अमरावती, १९६५ नाशिक, १९६७ खामगांव. औरंगाबाद निजामाच्या राज्यांतलें, धुळें व नाशिक जुन्या मुंबई इलाख्यांतलीं, अमरावती व खामगांव वऱ्हाडांतलीं. बुलढाणा जिल्ह्यापुरतें पाहिलें तर वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. म्हणजे नव्या राज्याचें आठवें वर्ष चालू असतां त्याचा सर्वश्रेष्ठ मल्ल निवडण्याचा मान खामगांवास मिळाला. हें गांव कापसाच्या पेठेमुळें वाढलेलें. १८७० सालीं जलंबहून येथें लोहमार्गाचा फांटा आला तोही कापसामुळेंच. ज्या पेठेचें लक्ष एके काळीं मुंबईमार्गें विलायतेकडे लागलेलें असे, तिच्या नांवाची नोंद महाराष्ट्राच्या यादींत झाली ती कुस्तीच्या निमित्तानें. चारपांच निरनिराळ्या कारभारांखालीं राहिलेले प्रांत एकत्र कसे नांदूं लागले याचें लहानसें पण अस्सल साधन या रकान्यांत आहे.

खामगांवीं १९६७ सालीं चंबा मुत्नाळ विजयी झाले व पुढल्या वर्षीं त्यांनींच किताब राखला. पुन्हा २००० सालीं खामगांवास अधिवेशन भरलें, तेव्हां विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले. त्यांचे वडील दादू चौगुले यांनीं १९७० व १९७१ अशीं दोन्हीं वर्षें हें पद मिळविलें होतें, आणि १९७४ च्या राष्ट्रकुल सामन्यांत रौप्यपदकही आणलें होतें. बापामागून मुलाचें नांव यादींत चढावें हा मॉरिस घराण्याचा योग खामगांवच्या मातीवर असा जुळून आला. फरक एवढाच कीं येथें पट्टा संपण्याची भीति नव्हती. नरसिंग यादव यांनीं २०११ ते २०१३ व विजय चौधरी यांनीं २०१४ ते २०१६ असा सलग तीनदां किताब जिंकला, तरी स्पर्धेंत खंड पडला नाहीं; कारण चांदीची गदा प्रतिवर्षीं नवी दिली जाते.

तथापि याही यादींत रित्या ओळी आहेत. १९६३ व १९७७ या सालांपुढें ‘अनिर्णित’ असा शेरा आहे. हा शेरा आम्ही दोष मानीत नाहीं. गोल्फमध्यें टोले मोजले कीं निकाल हातीं येतो. कुस्तींत पंचाचा शब्द लागतो, आणि त्या शब्दामागें सर्वमान्य सत्ता लागते. जेथें निकाल लागला नाहीं तेथें नांव न घालणें हें लेखनिकाच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय, आणि अशा ओळींमुळेंच बाकीच्या नांवांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

खरी चिंता आहे ती दुहेरी ओळींची. २०२३ च्या नोव्हेंबरांत दोन स्पर्धा झाल्या : फुलगांवीं सिकंदर शेख, धाराशिवास शिवराज राक्षे. २०२५ सालीं अहिल्यानगरास पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले, आणि कर्जतला वेताळ शेळके. या मल्लांच्या पराक्रमास यामुळें उणेपणा येत नाहीं. पण सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्यावर कागदपत्रें वाचतांना जी अडचण पडते, तीच पुढील संशोधकास येथें पडणार आहे. आणि प्रत्येक बाजू आपलीच यादी जुन्या यादीचा पुढला भाग म्हणून दाखविणार. स्कॉटलंडांतील तीन संस्थांस एका कोऱ्या वर्षानें शहाणपण शिकविलें. दोन नांवांचें वर्ष कोऱ्या वर्षाहून अधिक घातक आहे, कारण कोरी ओळ वाचकास सावध करते, तर दुहेरी ओळ ज्याच्या हातीं जी प्रत लागेल तीच खरी मानावयास लावते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. पोथ्या व सनदा जशा आपण जपतों, तसे अधिवेशनांचे छापील कार्यक्रम, कुस्त्यांचीं जाहिरातपत्रें, पंचांचीं गुणपत्रकें, तालमींच्या वह्या व गदांवरील कोरीव अक्षरांचे ठसे जपावे. खामगांव, जलंब, शेगांव या बाजूच्या जुन्या घरांतून व तालमींतून १९६७ चा एखादा कागद निघाला तरी तो रद्दींत जाऊं देऊं नये. ज्या वर्षीं जें घडलें तेंच त्या वर्षापुढें लिहिलेलें राहावें. एक नांव असेल तर एक, दोन असतील तर दोन, आणि निकाल लागला नसेल तर ‘अनिर्णित’.