धान्याच्या शेतातून सॅलडच्या ताटात

माश ही युरोपातील हिवाळी पालेभाजी. वालेरियनेला लोकुस्टा हे तिचे शास्त्रीय नाव. चमच्याच्या आकाराच्या मऊ पानांचे हे बुटके रोप मुळात धान्याच्या शेतांत तण म्हणून उगवे. पीक निघाल्यावर शरद ऋतूत त्याचे बी रुजे आणि रोप दहिवरातही तग धरी. ताज्या पाल्याची टंचाई असलेल्या महिन्यांत शेतकरी ते खुडून कच्चेच खात.

हळूहळू ते बागेत आले. फ्रेंच आणि डच स्थलांतरितांमुळे इंग्लंडमध्येही त्याची पेरणी होऊ लागल्याची नोंद जॉन जेरार्ड यांच्या १५९७ मधील वनस्पतीग्रंथात आढळते.

विसाव्या शतकात फ्रान्समधील नांत परिसर माशच्या व्यापारी लागवडीचे केंद्र बनला. समुद्रामुळे तिथला हिवाळा सौम्य असतो. पेरलेले बी वाळूच्या थराने झाकतात. त्यामुळे पाण्याचा निचरा होतो. कडाक्याच्या थंडीत वाफ्यांवर प्लास्टिकचे बुटके बोगदे उभारतात. १९९९ मध्ये नांतच्या माशला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले.

फ्रान्समध्ये ती बीट आणि अक्रोडांसोबत, तर जर्मनीत बहुधा परतलेल्या बेकनच्या तुकड्यांसोबत खातात.