नवरात्राचे नऊ रंग आले कुठून?

नवरात्र जवळ आलं की फोनवर रंगांची यादी येते. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक. प्रत्येक रंगाखाली एका देवीचं नाव आणि त्या रंगाचं 'शास्त्रोक्त महत्त्व'. मग साड्यांच्या बॅगा उघडतात, ड्रेस निघतात, आणि इथे वाढलेली मुलगी हमखास विचारते, "आई, ही प्रथा किती जुनी आहे गं?" उत्तर अगदी सोपं आहे. मुलगी कॉलेजात असेल तर साधारण तिच्याच वयाची!

२००३-०४ च्या सुमारास मुंबईत 'महाराष्ट्र टाइम्स'ने ही रंगांची यादी छापायला सुरुवात केली आणि बायकांकडून त्या त्या रंगातले फोटो मागवले. लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी, बँकेतल्या, शाळांमधल्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून फोटो काढू लागल्या आणि पेपरात आपला चेहरा शोधू लागल्या. पेपराला वाचक हवे होते, हे उघडच आहे. पण नुसत्या खपाच्या युक्त्या दोन-चार वर्षांत विरून जातात. ही विरली नाही, कारण रोज तासन्‌तास एकत्र प्रवास करणाऱ्या बायकांना सण साजरा करायला घराबाहेरची एक जागा मिळाली.

आता त्या 'शास्त्रा'कडे वळू. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती आणि पहिला रंग पिवळा होता. २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरला, सोमवारी आली आणि पहिला रंग पांढरा झाला. पहिली माळ दोन्ही वर्षी शैलपुत्रीचीच! म्हणजे रंग देवीचा नाही, वाराचा आहे. रविवार नारिंगी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपिशी यांतून काहीतरी. चंद्राचा पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा हे ग्रहांच्या जुन्या रंगांशी जुळतं. पण बुधाचा हिरवा इथे शुक्रवारी गेला आहे. शनीचा काळा सणात कसा नेसायचा, म्हणून बहुधा राखाडीवर भागवलं असावं. आपल्याकडे अमेरिकेत भोंडला सोयीसाठी शनिवारी ठेवतात, त्यामुळे यादी पाळायची तर बहुतेक वेळा राखाडीच वाट्याला येतो. ऐलमा पैलमा करत फेर धरणाऱ्या चाळीस राखाडी बायका, कल्पना करून बघा!

ऋतू आणि सणाप्रमाणे रंग निवडण्याची आपली खरी जुनी रीत पाहायची तर संक्रांत बघावी. एरवी शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग त्या दिवशी मुद्दाम नेसतात. नव्या नवरीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. थंडीत काळं कापड ऊब धरतं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. (इथल्या जानेवारीत चंद्रकळेवर जाडजूड काळा कोट चढवावा लागतो, तेव्हा रीत आपोआपच पाळली जाते.) पण रोज नवा रंग ही चैन आपल्या पणज्यांना परवडलीच नसती. निळा निळीच्या झाडापासून, लाल मंजिष्ठा किंवा आलाच्या मुळांपासून, आणि हिरवा हवा तर कापड आधी निळीत मग पिवळ्यात, असं दोनदा बुडवायचं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाला पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला, १८९७ पासून जर्मन कंपनी कृत्रिम नीळ विकू लागली, आणि मग हळूहळू वाटेल ती छटा स्वस्तात मिळू लागली. नवरात्राची यादी या रसायनांची नात आहे.

जुने रंग मोहक होते खरे, पण ते बाईला तिची जागाही दाखवत. हिरवा चुडा सवाष्णीचा. संक्रांतीचं हळदीकुंकू सवाष्णींचं. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला जन्मभर लाल आलवण. कोणी काय नेसायचं हे नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरायचं. पेपरातल्या यादीने मात्र हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. बुधवारी निळा म्हणजे सगळ्यांना निळा. लग्न न झालेली, नवरा गेलेली, घटस्फोट घेतलेली, ऑफिसातली ख्रिश्चन मैत्रीणसुद्धा. पुढे दुकानदारांनी नऊ साड्यांचे सेट काढले आणि नसलेला रंग विकत घेण्याची सक्ती वाटू लागली, हे मला खटकतं. आमच्या मंडळात काहीजणी त्यावर ओढणी, टिकली नाहीतर नुसत्या बांगड्यांवर भागवतात. गेल्या वर्षी एका काकूंनी, काका गेल्यानंतर पहिल्यांदाच, लाल साडी नेसली. "मंगळवार आहे ना," एवढंच म्हणाल्या.