लष्करी ट्रकचा फाळका : घडण, झीज आणि पुनर्बांधणी

ट्रकच्या हौद्याचा मागचा, खाली उघडणारा पल्ला म्हणजे फाळका. बिजागऱ्यांवर तो खाली पडतो, दोन बाजूंच्या साखळ्या त्याला आडवा तोलून धरतात आणि बंद केल्यावर खटके किंवा खिळी त्याला जागेवर ठेवतात. मालाचा रेटा, चढउताराचे धक्के आणि चाकांनी उडवलेला चिखल या साऱ्यांचा मार त्याच्यावर बसतो. म्हणून जुन्या लष्करी ट्रकची डागडुजी करताना इंजिन शाबूत सापडते, पण मूळ फाळका क्वचितच धड असतो.

लष्करी गाड्यांच्या मागच्या भागाची घडण युद्धाच्या गरजेप्रमाणे बदलत गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपना फाळका नव्हताच. मागे घट्ट बसवलेला पत्रा असे आणि त्यावर जादा चाक. सुरुवातीच्या काही जीपच्या या पत्र्यावर कंपनीचे नाव ठशाने उठवलेले असे, पुढे ते बंद झाले. १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली तेव्हा तिला फाळका दिला आणि जादा चाक बाजूला नेले. जीएमसीच्या अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रकच्या इतिहासात हौद्याचे साहित्यच बदललेले दिसते. पाच लाख साठ हजारांहून अधिक संख्येने बांधलेल्या या ट्रकचा हौदा आरंभी पोलादी होता. पोलादाची चणचण भासू लागली तेव्हा लाकडी हौदे आले, नंतर लाकूड आणि पोलाद यांची सांगड घातली गेली. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकचे फाळके वेगवेगळे असू शकतात. पुनर्बांधणी सुरू करण्यापूर्वी गाडीचे साल आणि हौद्याचा प्रकार पक्का करावा लागतो तो यासाठीच.

मुंबईने वाहनांचा उद्योग जवळून पाहिला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत गाड्यांची जोडणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात उभी राहिली, तर महिंद्र कंपनीने माझगावात विलीज जीपची जोडणी हाती घेतली. युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल ‘डिस्पोजल’ म्हणून विकला गेला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एसटीच्या ताफ्यातही बेडफर्ड, शेवरलेट, स्टुडबेकर अशा अनेक जातींच्या गाड्या होत्या. इतक्या तऱ्हांच्या वाहनांना सुटे भाग बाहेरून मागवणे सोपे नव्हते. पत्रा ठोकून, वाकवून आणि जोडून हवा तो भाग घडवण्याचे कसब कार्यशाळांना अंगी बाणवावे लागले.

कोकणात, रत्नागिरीत, मालवाहू ट्रकवरचा आणि म्हणून त्यांच्या फाळक्यांवरचाही भार अधिकच होता. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. तोवर जिल्ह्याचा बहुतेक माल रस्त्याने किंवा समुद्रमार्गे जाई. आंब्याच्या पेट्या हलक्या हाताने चढवल्या जात, पण जांभ्याचे चिरे चढवता-उतरवताना फाळक्याच्या कडेवर आपटतात. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारे वारे. दुमडलेल्या कडेत तांबडी माती साचते, ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच खालची घडी चाळणी झालेली असते.

अशा फाळक्याचा नवा भाग करताना जुना तुकडा फेकून द्यायचा नसतो, कारण तोच नमुना असतो. गंज नसलेल्या जागी पत्र्याची जाडी मोजतात, पन्हळींमधले अंतर, घडीची रुंदी, भोकांची मध्यबिंदूपासूनची मापे उतरवून घेतात. एक बाजू गेली असेल तर दुसरीवरून कागदी साचा काढता येतो. मात्र डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या आहेत का, हे आधी पडताळावे लागते.

पन्हळी शोभेसाठी नसतात. सपाट पत्रा सहज लवतो. पन्हळ पाडली की तोच पत्रा वजन न वाढता ताठ होतो. कारखान्यात मोठ्या प्रेसखाली त्या एका दाबात उठत. लहान कार्यशाळेत त्या बीडिंग मशीनवर, किंवा कठीण लाकडाच्या साच्यावर थोडथोड्या ठोक्यांनी उतरवतात. पन्हळ उठताना पत्रा आत ओढला जातो, म्हणून चारही कडांना माप राखून ठेवायचे आणि पन्हळी झाल्यावरच अंतिम कापणी करायची. कडा वाकवतानाही असाच हिशेब असतो : काटकोनात वळलेल्या पत्र्याचा बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दबतो, त्यामुळे बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून कापलेला पत्रा घडी घातल्यावर चुकीचा ठरतो.

जोडकामात खरी कसोटी उष्णतेची. पातळ पत्र्यावर एका टोकापासून सलग वेल्डिंग केले तर तो पिळवटतो. म्हणून आधी अंतराअंतरावर टाके मारतात, मग जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत सांधा पुरा करतात. बिजागऱ्या तर गाडीवरच जुळवाव्या लागतात. सगळ्यांतून एकच सरळ सळई ओवून, फाळका हौद्यात बसवून टाके घ्यायचे. उघडझाप मोकळी झाली की मगच पक्के वेल्डिंग करायचे. बोल्टही पारखून घ्यावे लागतात, कारण अमेरिकी आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे वेगळे असतात. चुकीचा बोल्ट जबरदस्तीने बसवला तर मूळ आटेच खराब होतात.

रंगाचे काम घडी बंद होण्याआधीच सुरू होते. आतला भाग घासून त्यावर प्रायमर चढवतात, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. तळाची मूळ निचरा-भोके मोकळी ठेवतात आणि सांध्यांत लुकण भरतात. शेवटी लष्करी हिरवा रंग चढतो. कोकणात मात्र यापुढेही दर पावसाळ्यानंतर माती धुऊन काढणे, भोके तपासणे आणि बिजागऱ्यांना वंगण देणे चालू ठेवावे लागते. हे केले तर नव्याने घडवलेला फाळका मूळ फाळक्यापेक्षाही जास्त टिकू शकतो.